पबमेड : रोग बिनचूक सापडतो, शहर मात्र चाळून काढावे लागते

पद्धतशीर आढाव्यांसाठी, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे संशोधन शोधून-तपासून एकत्र मांडणाऱ्या लेखांसाठी, संदर्भ शोधून देणे हे गेली काही वर्षे माझे मुख्य काम आहे, आणि त्यातले बहुतेक आढावे शहरी लोकसंख्येच्या आरोग्याशी संबंधित असतात : हवेचे प्रदूषण, उष्णतेच्या लाटा, दाट वस्तीतला क्षयरोग, डेंग्यू, स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचे लसीकरण. विषय कोणताही असो, पहिला शोध पबमेड या जैववैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवर होतो. 'पबमेडवर बघून घ्या' एवढे सांगून विद्यार्थ्याला मोकळे सोडणारे मार्गदर्शक पुष्कळ आहेत आणि या सेवेची तोंडभर स्तुती करणारे लेखही कमी नाहीत. त्यात भर घालण्याचा माझा हेतू नाही. ज्याच्या अभ्यासाच्या मध्यभागी रोग नसून शहर आहे, त्याला ही सेवा कितपत पुरी पडते, एवढाच प्रश्न मी या परीक्षणापुरता घेतला आहे. माझे उत्तर थोडक्यात असे, की रोगाच्या बाजूने पबमेड जवळजवळ निर्दोष आहे आणि शहराच्या बाजूने ढिले आहे. आणि हा ढिलेपणा पहिल्या पानावर मुळीच जाणवत नाही, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते.

अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन या ग्रंथालयाचा एनसीबीआय हा विभाग पबमेड चालवतो. त्यात जैववैद्यकीय लेखांच्या ३ कोटी ७० लाखांहून अधिक नोंदी आहेत. नोंद म्हणजे लेखाचे शीर्षक, लेखकांची नावे व संस्था, नियतकालिकाचा तपशील आणि बहुतेक वेळा सारांश. पूर्ण लेख नव्हे. पूर्ण लेख ठेवणारे पीएमसी हे वेगळे भांडार २००० साली सुरू झाले आणि पबमेडच्या नोंदीवरून तिकडे जाता येते. वापरायला पैसे पडत नाहीत, खाते उघडावे लागत नाही, जाहिराती दिसत नाहीत. या सेवेचे कूळ मात्र लक्षात ठेवावे. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली सुरू केलेली 'इंडेक्स मेडिकस' ही छापील सूची, तिच्यासाठी १९६४ मध्ये उभी राहिलेली मेडलार्स ही संगणकीय व्यवस्था, १९७१ मधील मेडलाइन ही ऑनलाइन सूची (आजही पबमेडचा गाभा) आणि जून १९९७ मध्ये उपाध्यक्ष अल गोर यांच्या हस्ते सर्वांसाठी मोफत खुले झालेले पबमेड, अशी ही वंशावळ आहे. छापील सूची २००४ च्या अखेरीस थांबली, पण तिचा स्वभाव संगणकात उतरला आहे. ही वैद्यांच्या ग्रंथालयाची सूची आहे. तिची कपाटे अवयव, रोग आणि औषध या क्रमाने लावलेली आहेत, आणि शहर या घरात पाहुणा म्हणून उशिरा आले आहे.

हे पाहण्यासाठी एक छोटा प्रयोग करावा. शोधपेटीत लंडन, हवेचे प्रदूषण आणि मुले या अर्थाचे तीन शब्द इंग्रजीत टाकावेत आणि निकाल वाचत जावेत. पहिल्या काही नोंदी नेमक्या असतात, कारण निकालांचा मूळ क्रम तारखेप्रमाणे लागत नाही, तो 'बेस्ट मॅच' नावाच्या यंत्रशिक्षणावर आधारलेल्या पद्धतीने लागतो आणि ती पद्धत वरच्या पानापुरती खरोखरच चांगली आहे. दोन-तीन पाने खाली गेले की चित्र बदलू लागते. अभ्यास भलत्याच खंडातल्या शहराचा असतो, फक्त त्याचा एखादा लेखक लंडनमधील विद्यापीठात नोकरीला असतो. किंवा लेखकाचे आडनावच लंडन असते. कारण साधे आहे : शब्दाला कोणतेही बंधन घातले नाही, तर पबमेड तो नोंदीच्या सर्व रकान्यांत शोधते, आणि संस्थेचा पत्ता हाही त्यातलाच एक रकाना आहे. त्यातही पुन्हा काळाचा फरक आहे. २०१४ पूर्वीच्या नोंदींत साधारणतः पहिल्याच लेखकाचा पत्ता दिलेला असे; त्यानंतर सर्व लेखकांचे पत्ते येऊ लागले. त्यामुळे शहराच्या नावाने केलेला शोध अलीकडच्या वर्षांत आपोआप फुगतो, आणि त्या शहरावरचे संशोधन वाढले असा भास होतो. 'अर्बन' या शब्दाचीही तीच गत आहे; हेही आडनाव आहे, आणि त्या आडनावाचे संशोधक शहराशी काडीचाही संबंध नसलेल्या विषयांवर लिहीत असतात.

यावरचा उपाय पबमेडनेच दिला आहे, पण तो एक पान आत ठेवला आहे. 'अ‍ॅडव्हान्स्ड' या दुव्यावर गेल्यावर शोधांचा इतिहास दिसतो आणि प्रत्येक शोधासमोरचे 'डिटेल्स' उघडले की आपण लिहिलेल्या शब्दांचे यंत्राने काय केले ते अक्षरशः वाचता येते. 'हार्ट अटॅक' लिहिले असेल तर तेथे मायोकार्डियल इन्फार्क्शन हे विषयशीर्षक जोडलेले दिसते. ब्रिटिश वर्णलेखन केले असेल तर अमेरिकी रूपही घेतलेले दिसते. आपोआप होणारा हा अनुवाद रोगांच्या बाबतीत फार मोठी सोय आहे. शहराच्या नावाच्या बाबतीत मात्र ते नाव भौगोलिक शीर्षक म्हणून एकदा आणि सर्व रकान्यांतला सुटा शब्द म्हणून पुन्हा एकदा, असे दोनदा घेतलेले दिसते, आणि खिंडार पडते ते या दुसऱ्या भागातून. शब्दापुढे चौकटी कंसात 'टीआयएबी' हे चिन्ह लावले की शोध शीर्षक, सारांश आणि लेखकाने दिलेल्या कळशब्दांपुरता मर्यादित राहतो. माझ्याकडे नव्याने येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. फिल्टर, खाते, संदर्भ-व्यवस्थापन हे सगळे नंतर. 'डिटेल्स' न उघडता केलेला शोध म्हणजे दुभाष्याने काय सांगितले हे न ऐकता केलेली बोलणी. इतकी महत्त्वाची गोष्ट मुख्य निकालपानावर का दिसू नये, हे मला अद्याप उमगलेले नाही.

आता पबमेडच्या खऱ्या बळाकडे येते. ते बळ म्हणजे मेश, अर्थात वैद्यकीय विषयशीर्षकांचा १९६० पासून चालत आलेला नियंत्रित शब्दसंग्रह. यात सुमारे ३० हजार शीर्षके वृक्षासारखी मांडलेली आहेत, आणि वरच्या फांदीचे शीर्षक घेतले की खालच्या डहाळ्या आपोआप येतात. श्वसनरोगांचे शीर्षक घेतले की दमा, न्यूमोनिया, फुफ्फुसाचा क्षय हे वेगळे लिहावे लागत नाहीत. लेखकाने कोणताही शब्द वापरलेला असो, नोंदीला दिलेले शीर्षक एकच असते. म्हणून चाळीस वर्षांपूर्वीचा लेख आणि कालचा लेख एका जाळ्यात येतात. फांद्या नको असतील तर त्या तोडण्याची सोयही आहे. हा शब्दसंग्रह दरवर्षी सुधारला जातो आणि प्रत्येक शीर्षकाखाली त्याची व्याप्ती सांगणारी टीप असते. ती टीप वाचण्याची सवय ज्याला लागली, त्याचे निम्मे काम झाले.

आणि नेमकी ती टीप वाचली की शहराच्या बाबतीतली अडचण उघडी पडते. शहरी लोकसंख्या, शहरी आरोग्य, शहरे आणि नागरीकरण अशी चार स्वतंत्र शीर्षके आहेत. पहिले रहिवाशांसाठी, दुसरे त्यांच्या आरोग्यस्थितीसाठी, तिसरे स्थानासाठी, चौथे प्रक्रियेसाठी. कागदावर ही विभागणी सुबक आहे. प्रत्यक्षात एकाच प्रकारच्या अभ्यासाला कधी पहिले मिळते, कधी दुसरे, कधी दोन्ही आणि कधी एकही नाही, कारण लेख शहरात झाला म्हणून तो 'शहरी' ठरतोच असे नाही. शहरीपण हा लेखाचा मुद्दा असावा लागतो. महानगरातल्या एका रुग्णालयातील हजार रुग्णांचा अभ्यास हा शहरी लोकसंख्येचा अभ्यास म्हणायचा का, यावर दोन जाणकारांत मतभेद होईल, मग नोंद करणाऱ्याकडून एकवाक्यतेची अपेक्षा कशी करावी? शहरी लोकसंख्येच्या शीर्षकात महानगरे आणि उपनगरेही धरली आहेत, आणि उपनगरी लोकसंख्येला वेगळे शीर्षक आहेच.

सर्वांत खटकते ते झोपडपट्टीचे स्थान. 'स्लम' हा शब्द मेशमध्ये शोधला तर तो आपल्याला 'पॉव्हर्टी एरियाज' या शीर्षकाकडे पाठवतो, आणि त्याची टीप सांगते की यात शहरी, ग्रामीण, उपनगरी अशा सर्वच दरिद्री भागांचा समावेश होतो. म्हणजे नदीकाठच्या दाट झोपडवस्तीतील कॉलरा आणि दुष्काळी खेड्यातील कुपोषण ही दोन्ही एकाच पाटीखाली येतात. गरिबी समान आहे हे मान्य. पण ज्याला घनता, पाण्याचा सामायिक नळ, बिनखिडकीची खोली आणि संसर्ग यांचा संबंध तपासायचा आहे, त्याच्यासाठी ही पाटी निरुपयोगी आहे. मग सुट्या शब्दांचाच आधार घ्यावा लागतो : स्लम, शँटी टाउन, इन्फॉर्मल सेटलमेंट, स्क्वॉटर, फावेला, आणि प्रत्येक भाषेतून इंग्रजी सारांशात शिरलेले स्थानिक शब्द. ही यादी कधीच पूर्ण होत नाही. प्रत्येक आढाव्यात एखादा नवा शब्द हाती लागतो आणि जुने सूत्र, म्हणजे शोधासाठी जुळवलेली शब्दांची ओळ, पुन्हा चालवावे लागते.

याचा सगळा दोष पबमेडच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण 'शहर' म्हणजे काय यावर जगाचेच एकमत नाही. डेन्मार्कमध्ये २०० वस्तीचे ठिकाण शहरी गणले जाते, तर जपानमध्ये शहराचा दर्जा ५० हजारांच्या पुढे विचारात घेतात. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च २०२० मध्ये मान्य केलेल्या पद्धतीत दर चौरस किलोमीटरला किमान १,५०० माणसे आणि सलग पट्ट्यात मिळून किमान ५० हजार वस्ती असेल तर ते शहर, असा जगभर एकच मापदंड आहे. पण जुन्या लेखांना तो लागू नाही आणि नव्या लेखांपैकी किती तो वापरतात हे सारांशावरून कळत नाही. म्हणून पबमेडमधील शहरी हे लेबल त्या त्या देशाच्या, त्या त्या लेखकाच्या कल्पनेतले असते. 'शहरी आणि ग्रामीण भागांतील मधुमेह' अशी दहा लेखांची तुलना हाती आली तर दहा लेखांत शहराच्या दहा व्याख्या असण्याची तयारी ठेवावी, आणि ती तपासण्यासाठी पूर्ण लेखाच्या पद्धती-विभागापर्यंत जाण्याला पर्याय नाही. शितावरून भाताची परीक्षा येथे चालत नाही.

नोंदींना शीर्षके कोण लावते, हेही आता बदलले आहे. पूर्वी हे काम प्रशिक्षित माणसे लेख वाचून करीत. २०२२ पासून मेडलाइनमधील हे काम यंत्र करते आणि माणसे निवडक नोंदी तपासून दुरुस्त करतात. लाभ उघड आहे : पूर्वी कित्येक आठवडे शीर्षकाविना पडून राहणारी नोंद आता लवकर सजते. पण यंत्र मुख्यतः शीर्षक आणि सारांश वाचते. रोगाचे नाव सारांशात येतेच. शहराचा संदर्भ मात्र बऱ्याचदा लेखाच्या आतल्या परिच्छेदात दडलेला असतो. म्हणून अलीकडच्या नोंदींसाठी मी केवळ मेशवर विसंबत नाही आणि जुन्या नोंदींसाठी केवळ सुट्या शब्दांवर विसंबत नाही. दोन्ही 'ऑर'ने जोडते. काम दुप्पट होते, पण मनाला रुखरुख राहत नाही.

याच ठिकाणी एक कबुली. सुरुवातीच्या काळात एका आढाव्यासाठी मी डाव्या बाजूचा 'ह्यूमन्स' हा फिल्टर निश्चिंतपणे लावला. विचार एवढाच, की उंदरांवरचे प्रयोग गळून जातील. ते गळलेच, पण त्यांच्यासोबत अनेक अगदी नवे लेख आणि मेडलाइनमध्ये नसलेल्या नियतकालिकांतले लेखही गेले, कारण हा फिल्टर मेशच्या शिक्क्यावर चालतो आणि ज्या नोंदीला शिक्काच नाही ती त्याच्या दृष्टीने माणसांवरची नाही. वयाच्या फिल्टरांचेही तसेच आहे. चूक ध्यानात आली ती सहकाऱ्याने हातात ठेवलेला एक लेख माझ्या यादीत नव्हता म्हणून. दुसरी चूक याहून लाजिरवाणी. ग्रामीण अभ्यास वगळण्यासाठी मी 'नॉट रूरल' असे लिहिले, आणि शहर व खेडे यांची तुलना करणारे सगळे अभ्यास, म्हणजे ज्यांची आम्हाला सर्वाधिक गरज होती तेच, एका फटक्यात बाहेर काढले. दोन्ही वेळा यंत्राने मी सांगितले तेच केले होते. पबमेड सूत्र डावीकडून उजवीकडे वाचते, हेही असेच अंगवळणी पाडावे लागते : डेंग्यू 'अँड' अर्बन 'ऑर' सिटी असे कंसाविना लिहिले की शेवटच्या शब्दाने जगातल्या सगळ्या शहरांची आणि सगळ्या रोगांची दारे उघडतात.

तरीही ही सेवा काय करू शकते हे दाखवणारे एक उदाहरण मी नेहमी देते. डिसेंबर १९९३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतील सहा शहरांतल्या हवेचे प्रदूषण आणि मृत्युदर यांच्यावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. ८,१११ प्रौढांचा १४ ते १६ वर्षे मागोवा घेतलेला होता, आणि धूम्रपानासह इतर जोखमी हिशेबात धरल्यावर सर्वांत प्रदूषित शहरातला मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहराच्या तुलनेत १.२६ पट होता. सूक्ष्म कणांच्या प्रदूषणावरील धोरणांना ज्या अभ्यासांनी दिशा दिली त्यांत हा अग्रगण्य आहे. याची नोंद उघडावी. सारांश काटेकोर आहे, सगळे मुख्य आकडे त्यात आहेत, पण सहा शहरांची नावे त्यात नाहीत. ज्याने स्ट्यूबेनव्हिल या शहराच्या नावाने शोध घेतला, त्याला त्या शहराबद्दलचा सर्वांत गाजलेला अभ्यास या सारांशातून मिळणार नाही. मात्र एकदा नोंदीपर्यंत पोहोचलो की सारांशाखाली 'सिमिलर आर्टिकल्स' (मिळतेजुळते लेख) आणि 'साइटेड बाय' (याचा हवाला देणारे लेख) ही दोन दारे उघडी असतात. पहिले दार शब्द आणि शीर्षके यांच्या साधर्म्यावर चालते आणि सूत्राने हुकलेले लेख आश्चर्य वाटावे इतक्या वेळा पुढ्यात आणते. दुसरे दार काळाच्या पुढच्या दिशेने नेते : त्याच लोकसमूहाचे पुढचे विश्लेषण, इतर शहरांतले पडताळे, मतभेद. 'साइटेड बाय' पबमेडमध्येच असलेल्या आणि संदर्भसूची उपलब्ध असलेल्या लेखांपुरते असते, त्यामुळे तो आकडा एखाद्या लेखाच्या प्रभावाचे माप म्हणून वापरू नये. वाट म्हणून वापरावा. शहरी आरोग्याच्या कामात मला सूत्रापेक्षा या दोन वाटांनी अधिक मोलाचे लेख दिले आहेत, असे म्हटले तर ग्रंथपाल मंडळी रागावतील, पण ते खरे आहे.

व्याप्तीचा प्रश्न यापुढचा. शहरातल्या माणसाचे आरोग्य घर, रस्ता, सांडपाणी, वाहतूक, भाडे, झाडांची सावली यांनी घडते, आणि या गोष्टींवरचे बरेचसे संशोधन नगररचना, भूगोल, वाहतूक अभियांत्रिकी, लोकसंख्याशास्त्र यांच्या नियतकालिकांत छापले जाते. त्यातला आरोग्याला स्पर्श करणारा काही भागच पबमेडमध्ये येतो. सरकारी अहवाल, जनगणनेची प्रकाशने, महापालिकांची सर्वेक्षणे तर जवळपास नाहीतच. येथे पबमेडला दोष देता येत नाही, कारण आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. परंतु 'पबमेडवर काही सापडले नाही, म्हणजे संशोधनच झालेले नाही' हे वाक्य मी प्रबंधांत इतक्या वेळा वाचले आहे, की हा मुद्दा ठळकपणे सांगावा लागतो. पद्धतशीर आढाव्यासाठी किमान एम्बेस या दुसऱ्या जैववैद्यकीय सूचीची, आणि शहराचा विषय असेल तर स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या अनेक विद्याशाखांच्या सूचींची जोड हवी. तिन्ही वर्गणीच्या सेवा आहेत, आणि ज्यांच्या संस्थेला ती परवडत नाही त्यांचा आढावा तेवढा लंगडा राहतो. पूर्ण मजकुरात शोध घ्यायचा असेल तर युरोप पीएमसी ही मोफत सेवा उत्तम आहे. स्ट्यूबेनव्हिलसारखी लेखाच्या पोटात दडलेली शहरांची नावे पकडण्यासाठी, निदान खुल्या लेखांपुरता, मी तिचाच वापर करते.

भाषेबद्दल दोन शब्द. इतर भाषांतील लेखांच्या नोंदीही येथे आहेत; अनुवादित शीर्षक चौकटी कंसात दिसते आणि मूळ भाषा नमूद असते. शोध मात्र इंग्रजीतच घ्यावा लागतो आणि संग्रहाचा तोल इंग्रजीकडे पुरता झुकलेला आहे.

'पबमेडवर आहे, म्हणजे विश्वासार्ह आहे' हा समज तर मुळापासून काढून टाकायला हवा. मेडलाइनमध्ये घेण्यापूर्वी नियतकालिकाची छाननी होते, हे खरे. पण पबमेड म्हणजे केवळ मेडलाइन नव्हे. पीएमसीमध्ये जमा झालेल्या लेखांच्या नोंदीही तेथे येतात, त्यांत अनुदानाच्या अटीमुळे जमा केलेली हस्तलिखिते असतात, आणि २०२० पासून अमेरिकी आरोग्य संस्थेच्या निधीतून झालेल्या कामाची काही पूर्वप्रकाशनेही असतात, ज्यांचे समीक्षण झालेले नसते. नोंदीवर तसा स्पष्ट इशारा असतो आणि मागे घेतलेल्या लेखावर तर ठळक सूचना असते. या दोन्ही बाबतींत पबमेड इतर अनेक सेवांपेक्षा प्रामाणिक आहे. इशारा वाचायचा की नाही, हे मात्र वाचकावर आहे.

हत्यारांपैकी दोन-तीनच सांगते. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेला सान्निध्य-शोध ही शहरी विषयासाठी मोठी सोय झाली आहे : दोन शब्द किती शब्दांच्या अंतरात असावेत हे ठरवता येते, म्हणून 'शहरी गरीब', 'शहरातील गरीब कुटुंबे', 'गरीब शहरी वस्ती' या अर्थाच्या रचना एका ओळीत पकडता येतात. नुसत्या अवतरणचिन्हांचा येथे भरवसा नाही, कारण ती शब्दरचना पबमेडच्या अनुक्रमणिकेत नसेल तर चिन्हे दुर्लक्षून शब्द सुटे शोधले जातात. तशी सूचना दिसते, पण घाईत नजरेतून सुटते. सान्निध्य-शोधात शब्द अर्धवट कापून तारांकन लावता येत नाही, म्हणजे एकाच मुळाचे सगळे शब्द एकदम घेता येत नाहीत, ही उणीव आहे. वर्षनिहाय निकाल दाखवणारा डावीकडचा स्तंभालेख दिसायला देखणा आहे आणि त्याचा गैरवापरही तितकाच होतो. एकूण नोंदीच दरवर्षी वाढत असताना एखाद्या विषयाचा स्तंभ उंच होत जाणे यात विशेष काही नाही, तरी तो आलेख प्रस्तावनेत चिकटवण्याचा मोह फार जणांना होतो. संकेतस्थळावरून एका वेळी १० हजारांपर्यंतच नोंदी उतरवता येतात. त्याहून अधिक हव्या असतील तर वर्षांचे तुकडे पाडावेत किंवा प्रोग्रॅमिंग येत असेल तर एनसीबीआयचे ईडायरेक्ट हे आदेश-ओळीवरून चालणारे साधन वापरावे. मोफत खाते उघडून सूत्र जतन केले की नव्या नोंदी ठरावीक दिवशी ईमेलने येतात, आणि ही सोय माझ्या बाबतीत वर्षानुवर्षे बिनबोभाट चालू आहे.

शोधांचा इतिहास मात्र आठ तास काही हालचाल झाली नाही की पुसला जातो, त्यामुळे संध्याकाळी उठण्यापूर्वी प्रत्येक सूत्र, त्याची तारीख आणि निकालांची संख्या मी वेगळ्या फाइलमध्ये उतरवून ठेवते. पुढे आढावा प्रसिद्ध करताना हे सगळे द्यावेच लागते. परवा उष्णतेच्या लाटांवरील आढाव्याची ती फाइल पुन्हा उघडली. उष्माघात, अतिउष्णता आणि मृत्युदर यांना मिळून तीन ओळी पुरल्या होत्या. 'शहर' या एका कल्पनेने अकरा ओळी घेतल्या होत्या, आणि बाराव्या ओळीपुढे मी स्वतःसाठी प्रश्नचिन्ह काढून ठेवलेले होते.